त्यांच्या पश्चात

कोल्हापुरात एखादे माणूस गेले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याच्याविषयी चार ओळी छापून येतात. नाव, वय, पेठ किंवा कॉलनी, मग ‘त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, एक मुलगी, सून, जावई, नातवंडे असा परिवार आहे’, आणि शेवटी ‘रक्षाविसर्जन उद्या सकाळी ९ वाजता पंचगंगा स्मशानभूमी येथे आहे’. सकाळच्या चहाबरोबर हा रकाना वाचल्याशिवाय आमच्या शहरातली पन्नाशीपुढची माणसे पान उलटत नाहीत, कारण कुणाच्या रक्षाविसर्जनाला जायचे आणि कुणाच्या घरी भेटायला जायचे, हे त्यावरूनच ठरत असते. जानेवारी २०२३ मध्ये माझे यजमान गेले, तेव्हा या चार ओळी माझ्या धाकट्या दिराने माझ्यासमोर बसून फोनवरून सांगितल्या. ‘पश्चात पत्नी’ म्हणून त्याने परिवार मोजायला सुरुवात केली आणि प्रत्येक नात्याला मी मान हलवून होकार दिला. त्याने सांगितलेले सगळे बरोबर होते. तेवढ्याने परिवार पुरा होत नव्हता, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होते.

मला ते २०१९ च्या महापुराने सांगितले होते. आमचे घर शाहूपुरीच्या सखल भागात आहे. त्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळे शहर राजाराम बंधाऱ्यावरच्या पातळीविषयी फूट आणि इंचांत बोलत होते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका हे आकडे आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतात, आणि त्या वर्षी पंचगंगेने ५५ फूटही ओलांडले. महामार्ग बंद झाला, दूध आणि पेट्रोल मिळेनासे झाले, आणि आम्ही दोघे दोन पिशव्या भरून राजारामपुरीत माझ्या बहिणीकडे जाऊन राहिलो. पाणी उतरल्यावर परतलो, तेव्हा खालच्या खोल्यांच्या भिंतींवर छातीइतक्या उंचीवर मळकट रेघ उमटली होती आणि त्या रेघेखालच्या गाद्या, डबे, देव्हारा, लोखंडी कपाट या सगळ्यांचा रंग एकच झाला होता.

पुरानंतर भांडी घासून निघतात, फरशी धुऊन निघते, पण कागदांचे काम फार जपून करावे लागते. भिजलेला गठ्ठा घाईने सोडवला तर पान हातात येते आणि अक्षर खालच्या पानाला चिकटून राहते. म्हणून मी सुरीच्या बोथट बाजूने एकेक पान वेगळे करीत होते आणि माडीवर बांधलेल्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी ते अडकवीत होते. विम्याच्या पॉलिसी, घरफाळ्याच्या पावत्या, मुलांच्या गुणपत्रिका, रेशनकार्ड. शाईच्या पेनाने लिहिलेले सगळे निळ्या डागांत विरघळून गेले होते, बॉलपेनाचे मात्र जसेच्या तसे होते. यजमानांचा शिवाजी उद्यमनगरात तीन लेथचा छोटा कारखाना होता. त्यांच्या जुन्या बिलांच्या गठ्ठ्यात मला एका डोळ्यांच्या दवाखान्याची फाईल मिळाली. २०१४ सालचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, डावा डोळा, एका बाईचे नाव. आतल्या संमतीपत्रावर यजमानांची सही होती, आणि ‘रुग्णाशी नाते’ या शब्दांपुढच्या रेघेवर त्यांच्या ठसठशीत, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात बॉलपेनाने लिहिले होते, ‘पती’.

ते पानही मी चिमटा लावून दोरीवर टाकले. दुसरे काय करायचे, ते त्या क्षणी सुचले नाही.

नाव माझ्या ओळखीचे होते. २००६ साली यजमानांच्या कारखान्यातला एक लेथ ऑपरेटर मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याच्या घरी, फुलेवाडीत, मी आणि यजमान भेटायला गेलो होतो. मी पिठलं-भाकरी करून नेली होती. भिंतीला टेकून बसलेल्या त्या ३६ वर्षांच्या बाईंच्या पाठीवरून मी हात फिरवला होता, आणि त्यांच्या दोन मुलांपैकी लहान मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. दुखवट्याच्या घरातून निघताना ‘येते’ म्हणायचे नाही, अशी आपली रीत आहे. अशा कारणाने त्या घरी पुन्हा यावे लागू नये, म्हणून. आम्ही दोघेही काही न बोलता उठलो होतो. त्यानंतर मी गेले नाही. ते जात राहिले.

सुरुवातीचे जाणे मला माहीत होते. उद्यमनगरातल्या लोकांकडून त्यांनी त्या कुटुंबासाठी पैसे गोळा केले, अपघाताची नुकसानभरपाई मिळावी म्हणून वकिलाकडे खेपा घातल्या, मुलांच्या शाळेची फी दोन वर्षे भरली. मला त्यांचा अभिमान वाटत असे आणि शाळेत सहकाऱ्यांना मी ते सांगितलेही होते. पुढे जे झाले त्यामुळे तो अभिमान खोटा ठरतो का, या प्रश्नाशी मी बराच काळ झगडले आहे. त्यांनी केलेली मदत खरी होती, हे मी आजही म्हणते. आणि आणखी एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता दिली. दर वर्षी २६ जूनला मी वर्गात हे सांगत असे. त्याच शहरात २००६ साली, दोन मुले असलेल्या एका तरुण विधवेचे पुन्हा लग्न व्हावे, हा विचार भेटायला गेलेल्या आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही. तिला शिलाई मशीन द्यावे, मुलांना वह्या द्याव्यात, एवढेच आम्हांला सुचले. माझ्यावरच्या अन्यायाचा विचार करताना हा दुसरा अन्यायही मला दिसतो, आणि त्यात मीही होते.

हे सगळे शहाणपण फार नंतरचे. त्या दिवशी दोरीखाली उभी असताना मला आठवत होते ते माझे स्वतःचे ऑपरेशन. २०११ साली माझी गर्भपिशवी काढली, तेव्हा सकाळी सात वाजता संमतीपत्रावर सही करायला यजमान हजर नव्हते. पंपाच्या शाफ्टची तातडीची ऑर्डर होती आणि ते रात्रपाळीला कारखान्यातच थांबले होते. माझ्या थोरल्या भावाने सही केली आणि नात्याच्या जागी ‘भाऊ’ असे लिहिले. त्याचे मला तेव्हा वाईट वाटले नव्हते. कामाचा माणूस आहे, म्हणून मी मनाची समजूत घातली होती. बाहेरख्यालीपणा म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर शरीराचे काही येते. माझ्या मनात घुसली ती एका दवाखान्याच्या बाकावर तीन-चार तास बसून राहिलेल्या, रुमालाने घाम पुसणाऱ्या, नर्सने नाव पुकारले की उठणाऱ्या माणसाची आकृती. तो वेळ माझा होता, आणि तो दुसरीकडे खर्च झाला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत जावे लागले. पुरामुळे बंद असलेल्या शाळा उघडत होत्या, आमच्या वर्गखोल्यांतली निवाऱ्याची माणसे आपापल्या घरी परतत होती, आणि पूरग्रस्त मुलांना वह्या-दप्तरांचे वाटप करायचे होते. पहाटे उठून मी किरकोळ रजेचा अर्ज लिहायला बसले. ‘महोदय’ लिहिले, ‘मला एक दिवसाची रजा मिळावी’ लिहिले आणि ‘कारण’ या शब्दापाशी पेन थांबले. तीस वर्षे मी मुलांकडून अर्जलेखन करवून घेतले होते. ताप, लग्न, मयत, गावची जत्रा, सगळी कारणे फळ्यावर लिहून दिली होती. आदल्या दिवशी माझ्या घरात जे गेले होते, त्याला लिहिण्याजोगे नाव नव्हते. मी कागद फाडला, साडी नेसले आणि जाऊन वह्या वाटल्या. ज्या मुलांची घरे पडली होती, त्यांच्या आयांना मी धीर देत होते आणि त्या माझ्या गळ्यात पडून रडत होत्या. त्यांच्याबरोबर मीही रडले. सगळ्यांना वाटले, बाईंचे मन मऊ आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेतले व्यभिचाराचे कलम ४९७ रद्दबातल ठरवले होते, आणि मधल्या सुट्टीत आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्यावर मोठी चर्चा झाली होती. आता नवऱ्यांना धरबंध राहणार नाही, असे एका सहकारी बाईंचे मत पडले होते. मी ते निकालाचे वृत्त पुन्हा शोधून वाचले. १८६० सालच्या त्या संहितेत गुन्हेगार होता तो दुसऱ्याच्या पत्नीशी तिच्या नवऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवणारा पुरुष, आणि तक्रार करायचा अधिकार होता तो त्या नवऱ्याला. फसवल्या गेलेल्या पत्नीला त्यात कधीच जागा नव्हती, आणि विधवेशी असलेला संबंध त्या कलमात मुळात बसतच नव्हता. म्हणजे ते कलम जिवंत असते तरी त्याच्या लेखी माझ्या घरात काहीच घडलेले नव्हते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मात्र व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण म्हणून दिलेले आहे. ती वाट मला मोकळी होती. मी गेले नाही.

का गेले नाही, याची लोकांना पटतील अशी कारणे माझ्याजवळ आहेत. वय ५६, मुलीच्या सासरची माणसे, दोघांच्या नावावरचे घर. त्यांतले एकही कारण पुरेसे नव्हते. खरे एवढेच, की संध्याकाळी साडेसातच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या स्कूटरचा आवाज आला की माझा हात आपोआप कुकरच्या शिट्टीकडे जाई, आणि फाईल सापडल्यानंतरही तो तसाच गेला. माणसाने दगा दिला हे मनाला कळले, तरी तीस वर्षांची सवय लागलेल्या हाताला ते कुणी सांगितलेले नसते.

वाळलेले कागद मी इस्त्री करून त्यांच्या टेबलावर ठेवले आणि सगळ्यांत वर ती फाईल ठेवली. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी रात्री जेवण झाल्यावर, ताटातच हात ठेवून, खाली बघत म्हणाले, ‘तुला कळलंय.’

‘होय,’ मी म्हणाले.

‘तिकडं सही लागत होती. मुलं लहान होती तिची. दुसरं कोण नव्हतं.’

‘सही भावाचीही चालते,’ मी म्हणाले.

यावर ते उठले नाहीत, चिडले नाहीत, रडलेही नाहीत. ताट उचलून मोरीत नेऊन ठेवले. लग्न झाल्यापासून हे त्यांनी पहिल्यांदाच केले. मग दारात उभे राहून म्हणाले, ‘तू म्हणशील तसं.’ मी काय म्हणणार होते? मी त्यांना एकच प्रश्न विचारला, की त्या वाट बघत असतात का. बराच वेळ थांबून ते ‘हो’ म्हणाले. त्यानंतर या विषयावर आमच्यात एक शब्दही झाला नाही. ते पुढे जात होते की नाही, हे मी पाहिले नाही. मी हे ठरवून केले, आणि त्याची किंमत काय असते हे मला पुढच्या साडेतीन वर्षांत कळले.

नवऱ्याच्या प्रतारणेने पुढचे दिवस नासतात, असा माझा समज होता. पुढचे दिवस कसेतरी निघतात. मागचे दिवस हातून जातात. आयुष्यभर मी उत्तरपत्रिका तपासल्या. त्या वर्षी मी १९८८ पासूनच्या आमच्या संसाराची फेरतपासणी करीत बसले होते. २००९ च्या दिवाळीत पाडव्याला ओवाळून घ्यायला त्यांना उशीर झाला होता, तो कशाने? २०१३ मध्ये गणपतीपुळ्याला समुद्राकडे पाहत ते इतके गप्प बसले होते, ते कुणाच्या आठवणीने? जिथे मी पूर्वी पूर्ण गुण दिले होते, तिथे आता लाल पेन घेऊन थांबत होते. जिवंत माणूस समोर बसून वर्तमानपत्र वाचत असताना त्याच्याबरोबरचे तेरा वर्षांचे आयुष्य मेलेले आहे, हे दुःख मी केले. त्या दुःखाला भाकरी घेऊन कुणी आले नाही. कुणी पाठीवरून हात फिरवला नाही. येणार तरी कसे, मी सांगितलेच नव्हते.

पुराच्या पाण्याने दोरा कुजला, हे निमित्त करून मी मंगळसूत्र काढून ठेवले आणि गुजरीत पटवेकऱ्याकडे गाठवायला टाकले आहे असे विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगितले. पटवेकऱ्याने ते चार दिवसांत दिले होते. सात महिने ते कपाटात, त्याच्या गुलाबी कागदात पडून होते. सगळ्या बायकांनी विचारले, यजमानांनी विचारले नाही. भाचीच्या लग्नात मी ते पुन्हा घातले, तेव्हा मागे उभे राहून त्यांनी फासा लावून दिला. त्यांची बोटे लेथवर काम करून जाड झालेली होती आणि बारीक फासा त्यांना पकडता येत नसे. त्या दिवशी तीनदा निसटला. मी मान खाली घालून उभी होते. मला त्यांचा राग येत होता आणि ते जवळ उभे आहेत याचे बरेही वाटत होते. या दोन्ही भावना एकाच वेळी, एकमेकींना न कापता असू शकतात.

ते गेले पहाटे तीनला, छातीत कळ येऊन, रिक्षा येईपर्यंतही थांबले नाहीत. मातीला सगळे उद्यमनगर लोटले होते. आमच्या पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, आणि होळीला लोक होळी लहान करून तिथे शेणी दान करतात. यजमान दर होळीला शंभर शेणी स्वतः रिक्षातून नेऊन देत असत. कुणाच्या तरी दिलेल्या शेणींवर ते गेले, हे मुलाने मला घरी येऊन सांगितले.

मग बारा दिवस माणसे येत राहिली. प्रत्येक बाई माझ्याजवळ बसून तेच बोलत होती: असा जोडा बघायला मिळत नाही, भाऊजी देवमाणूस होते. मी ऐकत होते. त्यांना वाटत होते की मी आत्ता नवऱ्यासाठी रडते आहे, आणि ते खरेही होते. मी खूप रडले. पण मधूनच मला कळेनासे होई, की या बाया २०१९ साली यायच्या त्या आत्ता उशिरा आल्या आहेत का. कुंकवाचा विषय निघाला तेव्हा माझी मुलगी पुढे झाली. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करायला सांगितले होते. आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्याने जे केले ते शहरातल्या शिकलेल्या घराने करायचे नाही का, असे तिने आत्याला ठामपणे विचारले. माझे कुंकू पुसले गेले नाही, मंगळसूत्र काढले गेले नाही. मला लेकीचा फार अभिमान वाटला. मात्र ते मंगळसूत्र मी एकदा स्वतःच्या हाताने काढले होते, हे तिला ठाऊक नव्हते.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. आमच्यात बायकाही जातात. पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती अशा चार नद्या दिसतात. पाचवी सरस्वती गुप्त आहे, पण मोजताना तिला धरतात. मी आदली रात्र जागून काढली होती. नैवेद्याला कावळा शिवला नाही, की घरातले एकेक जण पुढे होऊन गेलेल्याच्या मनात राहिलेली इच्छा पुरी करण्याचा शब्द देतात. नातीचे लग्न लावू, कर्ज फेडू, भावाशी बोलू. आपल्या घासाला कावळा शिवणार नाही, सगळ्यांचे शब्द देऊन संपतील, आणि मग मला पुढे व्हावे लागेल, याची मला खात्री होती. काय म्हणायचे तेही मी ठरवले होते. ओठांतल्या ओठांत, कुणाला ऐकू जाणार नाही असे: ‘तिच्याकडे एकदा जाऊन येईन.’

पानावर वाढून झाले. भात, वरण, त्यांना आवडायचा म्हणून तांबड्या रश्श्याची वाटी, शेजारी चहाचा कप. दीर अजून हात जोडून मागे सरत होता, तोच कावळा उतरला आणि त्याने भातात चोच घातली. पाठोपाठ दुसरा आला. ‘सुटला गं माझा भाऊ,’ म्हणून नणंद मोठ्याने रडली आणि सगळ्यांनी हात जोडले. त्यांच्या मनात काहीच राहिलेले नव्हते. ना माझ्याविषयी, ना फुलेवाडीच्या त्या बाईंविषयी. मी ते वाक्य तोंडात घेऊन तशीच उभी राहिले.

इथवर मी ‘त्या’ असे लिहिले आहे. मनात मी साडेतीन वर्षे ‘ती’च म्हणत होते, आणि नदीकाठी ठरवलेल्या वाक्यातही ‘ती’च होती. आदराने मी ‘त्या’ म्हणते आहे असे कुणी समजू नये. परक्या, आपल्याहून लहान पण प्रौढ बाईविषयी कागदावर लिहिताना मराठीत जे लिहायचे ते मी लिहिते आहे, आणि त्यांना परके मानणे हीच मला त्यांच्याबाबतीत जमलेली गोष्ट आहे.

शब्द दिलेला नव्हता, त्यामुळे जाण्याचे बंधन नव्हते. होळी झाली. त्यांच्या शंभर शेणी मी नेऊन दिल्या. त्यानंतरच्या रविवारी कपाट आवरताना फाईल हाताला लागली. ती आमच्या घरची नव्हती. डोळ्यांचा जुना नंबर, भिंगाचा स्टिकर, सगळे तिच्यात होते. उद्या दुसऱ्या डोळ्याच्या वेळी डॉक्टर मागतील, असे मी स्वतःला सांगितले आणि रंकाळ्यावरून रिक्षाने फुलेवाडीला गेले.

दार त्यांनीच उघडले. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. ‘वहिनी,’ म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या. ‘बसा की.’ सतरा वर्षांपूर्वी ज्या भिंतीला त्या टेकून बसल्या होत्या, तिथे आता खुर्ची होती. मुलगी लग्न होऊन इचलकरंजीला, मुलगा नोकरीला बाहेरगावी. त्यांनी पाणी आणून दिले. पाणी पिताना माझे लक्ष ओट्याकडे गेले. पोळपाटाशेजारी उभे करून ठेवलेले लाटणे पांढऱ्या नायलॉनचे होते, दोन्ही टोकांना बोट बसेल अशी खाच होती. तसेच लाटणे माझ्या घरात आहे. लेथवर उरलेल्या रॉडचे यजमानांनी ते माझ्यासाठी केले होते आणि लाकडाला बुरशी येते, याला कधी येणार नाही, असे म्हणाले होते. ते कुठल्या वर्षी आणले, हे आठवायचा मी प्रयत्न केला. आठवले नाही. ते त्यांना विचारावे, असे एक क्षण जिभेवर आले होते.

मी फाईल दिली. त्यांनी ती उघडली नाही, मांडीवर ठेवली आणि वरची सुकून वाकडी झालेली कड हाताने सरळ करीत राहिल्या.

‘कसं कळलं?’ मी विचारले.

‘पेपरात वाचलं.’ त्या महाद्वार रोडवर एका साडीच्या दुकानात कामाला आहेत. ‘सकाळी दुकानात मालक पेपर टाकतात काउंटरवर. त्यात बघितलं.’

‘मग घरी आला असाल.’

‘नाही वहिनी. बस्ता होता त्या दिवशी. कागलकडची माणसं आली होती, तीसेक बायका. नवरीला शालू दाखवत होते मी.’ थोडे थांबून त्या म्हणाल्या, ‘सुट्टी मागायला गेले होते. मालकांनी विचारलं, काय झालं? कोण गेलं म्हणून सांगू?’

मी त्यांच्याकडे पाहिले. डावा डोळा ऑपरेशनचा होता, त्यातल्या भिंगावर दारातला उजेड चमकत होता. मी त्यांना क्षमा करायला गेले नव्हते आणि केलीही नाही. त्यांनीही ती मागितली नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी बरे वाटले. पण त्या अर्जातली रिकामी जागा मी पाहिलेली होती. ‘महोदय’ लिहून झाल्यावर पेन कुठे थांबते, हे या शहरात आम्हां दोघींनाच माहीत होते.

आम्ही बराच वेळ बसलो. त्या रडल्या, तोंडावर पदर धरून, आवाज न करता, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये याची इतक्या वर्षांची सवय असल्यासारख्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला नाही. उठूनही गेले नाही. त्या पुरत्या रडेपर्यंत खुर्चीवर बसून राहिले.

मुलांना मी हे सगळे गेल्या वर्षी सांगितले. लेक पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. मुलगा फोनवर एवढेच म्हणाला, ‘बाबांनी मला कधी खोटं बोलू दिलं नाही, आई.’ त्या दोघांना विचारून, आणि फुलेवाडीला निरोप पाठवून होकार आल्यावर, मी हे लिहिते आहे.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर मी उठले. त्या चहा ठेवते म्हणाल्या, मी नको म्हणाले. दुखवट्याच्या घरी चहा घेत नाहीत, हे आम्हां दोघींच्याही एकदमच लक्षात आले असावे, कारण त्यांनी आग्रह केला नाही. चपला घालताना मी दाराच्या चौकटीला धरून वाकले, तेव्हा त्या माझी पिशवी धरून शेजारी उभ्या होत्या. पिशवी घेतली, पदर सारखा केला. मी ‘येते’ म्हणाले नाही. त्यांनीही ‘या’ म्हटले नाही.